टेलिफोन बूथमधली वीस मिनिटं

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे. दिवाळीपासून मित्र तुटले, जेवणावरचं मन उडालंय, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागा असतो. उशाशी जे. डी. सॅलिंजर यांची ‘द कॅचर इन द राय’. “होल्डन म्हणजे मीच,” म्हणतो. मीही वाचली. शाळेमागून शाळा सुटलेला, शिवराळ, खोटं बोलणारा मुलगा! पुस्तक काढून घेऊ का?
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, पुस्तक राहू द्या. तुम्ही ते वाचून काढलंत, इथेच निम्मं काम झालंय.

१९५१ सालच्या या कादंबरीत शिव्या आहेत, खोटेपणाही आहे. पण न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर होल्डन उतरतो, ते पान पुन्हा काढा. रात्रीची वेळ, सोळा वर्षांचा पोरगा. बॅगांवर नजर राहावी म्हणून त्या बाहेरच ठेवून तो टेलिफोन बूथमध्ये शिरतो. भाऊ हॉलिवूडला, धाकटी फीबी झोपलेली, फोन आईबाबांनी उचलला तर? एकेक नाव आठवतो नि खोडतो. वीसेक मिनिटांनी कुणालाही फोन न करता बाहेर येतो. त्याला माणसं नको आहेत, असं मला कधीच वाटलं नाही. टॅक्सीवाल्यालासुद्धा तो सोबत बसायला बोलावतो.

त्याच टॅक्सीवाल्यांना तो विचारतो, सेंट्रल पार्कातलं तळं गोठलं की बदकं कुठे जातात? एकाला ती थट्टा वाटते, दुसरा चिडतो. होल्डनचा धाकटा भाऊ अ‍ॅली अकराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेलाय. त्या रात्री होल्डनने गॅरेजच्या काचा मुठीने फोडल्या. हाताच्या दुखापतीमुळे तो इस्पितळात होता, अंत्यविधीलाही नव्हता. हे सगळं पोटात ठेवून पोरगा बदकांची चौकशी करत फिरतो. आपल्या ‘कोसला’तल्या पांडुरंगाला धाकटी मनी गेल्यावर काय झालं, तेही वाचा.

मी अठ्ठावीस वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळलं. दहावीतला एक मुलगा रोज मधल्या सुट्टीत यायचा आणि विचारायचा, “बाई, आज कितीपर्यंत उघडं?” मी रोज सांगायचे, पाचपर्यंत. त्याचे वडील गेले होते आणि रिकाम्या घरी जायला त्याला नको वाटत होतं, हे मला फेब्रुवारीत कळलं. जूनपासून विचारत होता तो. अजून जिवाला लागतं.

म्हणून “अभ्यासाचं काय?” हा विषय थोडे दिवस बाजूला ठेवा. रात्री त्याच्या खोलीत दोन कप चहा घेऊन जा आणि विचारा, “त्या बूथमध्ये तू असतास तर कुणाला फोन केला असतास?” तो गप्प राहिला तरी चहा संपेपर्यंत बसा. फीबी आठवते ना? भाऊ निघून जाणार म्हटल्यावर ती दहा वर्षांची पोर सूटकेस ओढत त्याच्याबरोबर जायलाच येते.

पण एक गोष्ट लांबणीवर टाकू नका. भूक आणि झोप इतके महिने बिघडलीय, म्हणजे नुसत्या पुस्तकाने भागणार नाही. याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या, त्याला आधी सांगून. होल्डनच्या मनात खिडकीतून उडी मारायचे विचार येतात. तुमच्या मुलाच्या येतात का, हे स्पष्ट विचारा. विचारल्याने तसं काही डोक्यात भरत नाही. तो ‘हो’ म्हणाला, तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. तो दोघांच्याही मोबाइलमध्ये आजच घालून ठेवा.

काय झालं, मला जरूर कळवा. मी वाट पाहते.