भिंतीवरचं वचन आणि सत्तर वर्षं

चिंचवडच्या एका वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात:

"मावशी, यजमान १९ वर्षं गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहेत. मार्चपासून ती बंद होणार अशी चर्चा आहे. मुलगी बारावीला. मला पहाटे तीनला जाग येते आणि प्रार्थना सुचत नाही. प्रार्थनागटातले एक भाऊ म्हणतात, 'सहा महिन्यांत प्रभू दार उघडणार, पण विश्वासाने पेरावं लागेल.' माझी ४० हजारांची एफडी मोडून द्यावी असं त्यांचं म्हणणं. मला एका बुटीकमध्ये शिवणकाम मिळतंय, पण आपणच सोय बघायची म्हणजे देवावर विश्वास नाही, असंही ऐकून घ्यावं लागतं. यजमान हल्ली उपासनेला येत नाहीत. भिंतीवर बायबलमधलं यिर्मया २९:११ लावलंय. रोज वाचते. भीती जात नाही."

प्रिय मुली, सलाम. तू मावशी म्हटलंस म्हणून मीही तुला 'तू'च म्हणते.

एफडी मोडू नकोस. हे सगळ्यात आधी, कारण बाकीचं तू चार दिवसांनी वाचलंस तरी चालेल.

आता ते भिंतीवरचं वचन, ज्यात देव म्हणतो, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत. 'हिताचे संकल्प' आपण फ्रेम करून लावतो, त्याच्या वरच्या ओळी मात्र कुणी लावत नाही. यिर्मया संदेष्ट्याचं ते पत्र यरुशलेमेतून बाबेलात (बॅबिलोनात) नेलेल्या लोकांना आहे. इ.स.पूर्व ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने त्यांना घरादारातून उचलून नेलं होतं. पाचव्या वचनात देव त्यांना सांगतो, घरं बांधा, मळे लावा. पुढे म्हणतो, मुलामुलींची लग्नं करा. आणि दहाव्या वचनात मुदत येते: ७० वर्षं. ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांना आपलं गाव पुन्हा दिसणार नव्हतं. तरी त्यांनाच म्हटलं, माझे संकल्प हिताचे आहेत.

मागचा २८ वा अध्यायही वाच. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांदेखत सांगतो, दोन वर्षांत सगळं परत येईल. यिर्मया आधी 'आमेन' म्हणतो, कारण त्यालाही ते खरं व्हावंसं वाटत होतं. पण तो शब्द देवाचा नव्हता. तुझ्या गटातल्या भावांच्या मनातलं मला माहीत नाही; पण देवाच्या नावाने जो तारीख सांगतो आणि त्याच दमात पैसे मागतो, त्याला मी माझ्या उंबऱ्याच्या आत घेणार नाही. दान आनंदाने द्यावं. भीतीपोटी मुलीच्या फीचे पैसे देणं हे दान नव्हे.

शिवणकाम घे. बाबेलात घर बांधणाऱ्याचा विश्वास कमी पडला होता असं कुणी म्हणत नाही. पंडिता रमाबाईंनी १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या. त्यांच्यासारखी प्रार्थना करणारी बाई आपल्याकडे विरळा, पण केडगावला त्यांनी विहिरीही खणल्या, मळाही केला, मुलींच्या हाताला कामही दिलं. पाणी मागायचं आणि विहीरही खणायची, यात त्यांना विसंगती दिसली नाही.

पहाटे तीनचं म्हणशील, तर ती वेळ मला ठाऊक आहे. माझे यजमान गेले त्या वर्षी मला कुठलंही आशेचं वचन सहन होत नसे. तेव्हा ८८ वं स्तोत्र हाती लागलं. ते अंधारातच संपतं, शेवटी उजेड नाही, 'तरीही मी तुझी स्तुती करीन' नाही. आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. मला त्या एका गोष्टीने फार धीर आला. देवापुढे रडून, रागावून, काहीच न बोलता बसता येतं. मार्कच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात आजारी मुलाला घेऊन आलेला बाप तर येशूला सरळ म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. त्याच्या मुलाला येशूने बरं केलं. आधी विश्वास पक्का करून ये, असं सांगून परत पाठवलं नाही. रात्री दुसरं काही सुचलं नाही तर 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' एवढंच म्हण. त्यात फक्त आजची भाकर मागितली आहे.

यजमान हल्ली उपासनेला येत नाहीत, असं तू लिहिलंस. 'कंपनीचं काय झालं?' या प्रश्नाला भीत असतील. त्यांना वचनं पाठवू नकोस. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर दोघं कागद घेऊन बसा. पीएफमध्ये किती आहे ते बघा. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना कंपनी देते ती रक्कम, दर वर्षाला १५ दिवसांच्या पगाराइतकी, मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर, महिन्याचे २६ दिवस धरून. १९ वर्षांची जवळजवळ ११ महिन्यांच्या पगाराइतकी होते. आकडा डोळ्यांसमोर आला की भीतीला निदान हद्द पडते. मुलीलाही थोडं सांगा, तिला अंदाज आलेलाच असेल.

आणि पाळकसाहेबांना घरी बोलाव. गटातल्या मागणीबद्दल त्यांना कळायला हवं. तुझ्यासारख्या आणखी कुणाकुणाच्या एफडी असतील.

बुटीकवाल्या बाईंना उद्याच होकार कळव. येत्या रविवारी मी उपासनेत तुमचं नाव घेणार आहे. यजमानांचं नाव तू लिहिलं नाहीस, तेवढं कळव.

तुझी,
मावशी