गणपतीत शेजारून मोदक आले तर

सदाशिव पेठेत राहायचं म्हणजे गणपतीत मोदकांची ताटली दाराशी येणारच. ख्रिस्ती माणसाने ते खावेत का, असा प्रश्न पडला तर आधी बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचे 8 ते 10 अध्याय सलग वाच. नुसता आठवा वाचून गल्लत होते. बाजारातलं किंवा आमंत्रणाच्या जेवणातलं अन्न चौकशी न करता खावं (10:25-27). कोणी ‘हा नैवेद्य आहे’ म्हणालं, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी थांबावं (10:28). पूजेच्या पंगतीची गोष्ट वेगळी, तिथे बसू नये (10:21). मन कचरतंय? मग खाऊच नकोस (रोमकरांस 14:23). नव्या विश्वासणाऱ्यांचा खरा घोटाळा पुढे होतो: खाणारा न खाणाऱ्याला हिणवतो, न खाणारा त्याला दोष लावतो, 14:3 दोघांनाही झापतं. नाही म्हणायचंच असेल तर ‘काकू, राग मानू नका’ एवढंच म्हण, दारात प्रवचन नको.