ब्रिटनच्या पोलीस दलात नव्याने भरती झालेल्या कॉन्स्टेबलचा इतक्या लवकर भ्रमनिरास का होतो?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमध्ये लेस्टरला राहता, आयएलआर, म्हणजे ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी मिळालीय, आयटीतली नोकरी सोडून पोलीस कॉन्स्टेबल व्हायचं मनात आहे, पण नवी पोरं दोन-तीन वर्षांत राजीनामे देतात असं ऐकून पाय मागे ओढतोय. मी इंग्लंडच्या मध्य भागातल्या एका दलात भरती झालो, प्रोबेशन पूर्ण केलं, कायम झालो आणि मग बाहेर पडलो. दलाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगतोय ते त्या एकट्या दलापुरतं नाही.

ऐकलंय ते खरं आहे. २०२२-२३ या एका वर्षात इंग्लंड आणि वेल्समधल्या साडेचार हजारांवर अधिकाऱ्यांनी आपणहून राजीनामे दिले. फक्त कारणं बाहेरचे लोक समजतात ती नाहीत. दारुडे, चाकू, मारामाऱ्या, तोंडावरच्या शिव्या यांना माझ्या बॅचमधलं कोणी कंटाळलं नाही. ते सगळं गृहीत धरूनच माणूस अर्ज करतो. मन उतरतं ते हाती घेतलेलं काम तडीस जात नाही म्हणून. लुटलेल्या, मार खाल्लेल्या माणसाच्या दारात उभं राहून तुम्ही शब्द देता आणि तो पाळायला लागणारा वेळ, माणसं, कोर्ट यांतलं काहीच तुमच्या हातात नसतं. हे एकदा-दोनदा झालं तर सोसतं. रोज झालं की आतून पोखरतं.

हे असं का झालं ते समजायला थोडं मागे जावं लागेल. २०१० नंतर सरकारने काटकसरीत पोलिसांचा पैसा कापला. तेव्हा इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १ लाख ४४ हजार अधिकारी होते, ते २०१८ पर्यंत १ लाख २२ हजारांच्या आसपास आले. ठाण्यांच्या इमारती विकल्या, कारकुनी सांभाळणारे नागरी कर्मचारी कमी केले. २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांनी २० हजार जादा पोलीस भरण्याची घोषणा केली आणि मार्च २०२३ अखेर आकडा १ लाख ४९ हजारांवर गेला. आकडा गाठला हे मान्य. पण वीस वर्षं रस्त्यावर काढलेला माणूस गेला आणि त्याच्या जागी बावीस वर्षांची मुलगी आली, तर हजेरीपटावर नाव भरतं, त्याच्या अनुभवाची जागा रिकामीच राहते. शिवाय सरकारी अनुदानाचा एक भाग अधिकाऱ्यांची संख्या टिकवण्याशी बांधलेला होता. पैसे कमी पडले की नागरी कर्मचारी काढायचे आणि त्यांच्या खुर्चीत गणवेशातला माणूस बसवायचा, असं बऱ्याच ठिकाणी झालं.

याचा पहिला फटका शिकण्याला बसतो. वर्गातलं प्रशिक्षण संपलं की तुम्हाला काही आठवडे ट्युटर कॉन्स्टेबलच्या हाताखाली देतात. माझा ट्युटर मनापासून शिकवणारा होता. घरगुती मारहाणीच्या घरात शिरल्यावर दोघांना वेगळ्या खोल्यांत न्यायचं, पोरं कुठे आहेत ते आधी डोळ्यांनी बघायचं, आणि जबाब काहीही झालं तरी स्वयंपाकघरात घ्यायचा नाही, कारण सुऱ्या तिथेच असतात, हे मला त्याने शिकवलं. पण त्याची स्वतःची नोकरी जेमतेम तीन वर्षांची. एखादी बाई ‘काही झालं नाही हो’ म्हणते तेव्हा थांबायचं की निघायचं, हे सांगायला पंधरा-वीस वर्षांचा अनुभव लागतो. तो अनुभव असलेली माणसं आमच्या शिफ्टमध्ये सार्जंट धरून एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यात नव्यांपैकी बरेच जण तीन वर्षांच्या डिग्री अप्रेंटिसशिपवर, म्हणजे नोकरी करता करता पदवी घेणारे. रात्रपाळी करून आल्यावर गुन्हेगारीशास्त्रावरचा निबंधही लिहायचा. २०२४ पासून पदवीशिवायचा दोन वर्षांचा मार्ग पुन्हा सुरू झाला, ते बरं झालं.

आता ज्या गोष्टीने माझ्या ओळखीतली सगळ्यात जास्त माणसं खचली ती सांगतो. ती आहे कागद काळे करणं. २०२० च्या अखेरीस सरकारी वकिलांकडे, म्हणजे क्राउन प्रॉसिक्युशन सर्व्हिसकडे, प्रकरण पाठवण्याच्या नियमांची सहावी आवृत्ती लागू झाली. पोलिसांच्या तोंडी तिचं नाव डीजी-सिक्स. तिच्यामुळे झालं असं, की आरोप ठेवायचा की नाही हे वकिलाने ठरवण्याआधीच पोलिसाने जवळजवळ कोर्टात उभी राहील एवढी फाईल तयार करायची, आणि त्यातली त्रयस्थांची खाजगी माहिती झाकून द्यायची.

समजा एका बाईने नवऱ्याच्या धमक्यांचे मेसेज दाखवायला आपला फोन दिलाय. त्यातून काही शे पानं निघतात. पहाटे चार वाजता ठाण्यातल्या संगणकासमोर बसून तुम्ही पान पान उघडता. तिच्या आईचा नंबर, काळी पट्टी. शेजारणीचं नाव, काळी पट्टी. मुलाच्या शाळेचा पत्ता, काळी पट्टी. हे करताना ‘तुला जिवंत सोडणार नाही’ हे वाक्य कितीदा तरी डोळ्यांखालून जातं, आणि तुमचं लक्ष मात्र त्याच्या शेजारी कुठे जन्मतारीख राहिली का यावर. फाईल जाते. काही दिवसांनी परत येते, अमुक पानावर गाडीचा नंबर दिसतोय म्हणून. पुन्हा बसायचं. तोवर रेडिओवर पुढचे कॉल साठलेलेच असतात. आणि एवढं करून वकिलांनी पुरावा अपुरा म्हटलं, तर ते सगळे तास कोणाच्याही उपयोगी पडले नाहीत. पोलिसांची संघटना असलेल्या पोलीस फेडरेशनने हे नियम सोपे करा म्हणून मोहीम चालवली, तिच्यातली प्रत्येक तक्रार मी कामावर अनुभवलीय.

इकडे ती बाई फोन करत असते. आधी दर आठवड्याला, मग महिन्याने. आरोप ठेवला गेला तरी पुढे गंभीर खटले चालवणारं क्राउन कोर्ट, जिथे २०२४ मध्ये ७० हजारांवर खटले तुंबले होते. शेवटी एक दिवस ती सांगते की मला आता पुढे जायचं नाही, विषय मिटवा. तिला दोष देता येत नाही. २०१५ च्या सुमारास नोंदलेल्या शंभर गुन्ह्यांपैकी पंधरा-सोळांमध्ये कोणावर तरी आरोप ठेवला जायचा. काही वर्षांत ते प्रमाण पाच-सहावर आलं. नव्या कॉन्स्टेबलला हा आकडा कोणी सांगत नाही. त्याला तो माणसागणिक कळत जातो.

मला सगळ्यात लागलेलं प्रकरण घरफोडीचं होतं. तुम्ही लेस्टरचे, तेव्हा आपल्या लोकांच्या घरातलं सोनं चोरणाऱ्या टोळ्यांबद्दल ऐकलं असेलच. एका गुजराती आजींच्या घरी गेलो. कपाटं उपसलेली, देव्हाऱ्यातली चांदीची वाटीसुद्धा गेलेली. माझा चेहरा बघून त्या इंग्रजी सोडून हिंदीवर आल्या आणि बांगड्यांचे फोटो शोधायला लग्नाचा अल्बम घेऊन बसल्या. एकेका बांगडीवर बोट ठेवून कोणी दिली ते सांगितलं. मी सगळं लिहून घेतलं. ठशांसाठी माणूस येऊन गेला, काही मिळालं नाही. समोरच्या घराच्या कॅमेऱ्याचं तोंड दुसरीकडे. पुढची माहिती मिळेपर्यंत तपास थांबवलाय असं छापील पत्र त्यांना गेलं. एखाद्या अनुभवी डिटेक्टिव्हला त्या भागातल्या सगळ्या घरफोड्या एकत्र मांडून बसायला मिळालं असतं, तर काही हाती लागलं असतं असं मला आजही वाटतं. तसा वेळ कोणाकडेच नव्हता.

दवाखान्याचं थोडक्यात सांगतो, कारण ते आता सुधारतंय. १९८३ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १३६ खाली, जिवाचं बरंवाईट करेल अशा अवस्थेत सापडलेल्या माणसाला पोलीस ताब्यात घेऊन सुरक्षित ठिकाणी नेतात. पण तिथे खाट रिकामी नसली की दोन पोलीस अख्खी पाळी हॉस्पिटलच्या खुर्चीवर. कानातल्या रेडिओवर कंट्रोल रूम गाडी आहे का म्हणून विचारतेय आणि उत्तर देणारं कोणी नाही, हे ऐकत बसणं फार वाईट. हंबरसाइड पोलिसांनी २०२० मध्ये ज्याचं काम त्याने करावं, म्हणजे आजारी माणसाकडे आरोग्यसेवेने बघावं, अशी पद्धत सुरू केली, आणि जुलै २०२३ मध्ये तिच्यासाठी राष्ट्रीय पातळीवर करार झाला. त्याने पोलिसांचे तास वाचले. त्या आजारी माणसांचं पुढे काय होतं हा प्रश्न मला अजून छळतो.

आणि वर्दीवरचा विश्वास. २०२१ मध्ये सेरा एव्हरर्ड या तरुणीचा खून लंडनच्या एका सेवेतल्या पोलिसाने केला. मार्च २०२३ मध्ये बॅरोनेस लुईस केसी यांच्या अहवालाने लंडनचं मेट्रोपॉलिटन पोलीस दल संस्था म्हणूनच वर्णद्वेषी, स्त्रीद्वेषी आणि समलैंगिकद्वेषी असल्याचं म्हटलं. बलात्काराच्या प्रकरणांतले नमुने ठेवायचे फ्रीज खचाखच भरलेले आणि मोडके असल्याचंही त्यात आलं. आम्ही लंडनचे नव्हतो, तरी रात्री एकट्या मुलीला मदतीसाठी हाक मारली की ती दोन पावलं मागे सरायची. तिचं ते मागे सरणं योग्यच होतं. पण सहा महिन्यांपूर्वी भरती झालेल्या माझ्या सहकारी मुलीला ते बघून रडू यायचं.

दुसरी बाजूही तितक्याच खरेपणाने सांगतो. माझ्या नोकरीत कोणा आमदार-नगरसेवकाचा फोन आला नाही, बदलीची धमकी नाही, पैसे कोणी मागितले नाहीत आणि देऊ केले नाहीत. बंदुकीशिवाय, बोलण्यावर माणूस शांत करता येतो हे मी तिथे शिकलो. डिमेन्शिया झालेले एक आजोबा जानेवारीच्या पहाटे कालव्याकाठी जिवंत सापडले, त्या रात्रीची सर दुसऱ्या कुठल्या नोकरीला येणार नाही. म्हणूनच राग येतो. भरतीला येणारी पोरं चांगली आहेत, जीव तोडून काम करणारी आहेत, आणि त्यांना दोन वर्षांत निबर करून टाकणारी व्यवस्था माणसांची कमतरता आहे म्हणून रडते.

तुमच्यापुरतं बोलायचं तर नोकरी लगेच सोडू नका. आधी स्पेशल कॉन्स्टेबल व्हा. पगार नसतो, पण शपथ आणि अधिकार पूर्ण असतात, आणि आठवड्याच्या सुट्टीत आयटी सांभाळून करता येतं. ज्या दलात जायचंय तिथल्या भरतीच्या कार्यक्रमाला गेलात तर तीन गोष्टी नेमक्या विचारा: ट्युटरची सरासरी नोकरी किती वर्षांची, रिस्पॉन्सवरच्या, म्हणजे तातडीच्या कॉलला धावणाऱ्या, एका कॉन्स्टेबलकडे एका वेळी किती तपास असतात, आणि फाईल तयार करायला व माहिती झाकायला वेगळी टीम किंवा सॉफ्टवेअर आहे का. उत्तर गोलगोल आलं तर दुसरं दल बघा; लेस्टरहून तीन-चार दलं गाडीच्या अंतरावर आहेत.

पगाराचंही घरी बसून बोला. सप्टेंबर २०२४ पासून सुरुवात २९,९०७ पौंडांवर होती, म्हणजे आयटीतून येणाऱ्याला खाली उतरावं लागतं. १९१९ पासून पोलिसांना संपाचा हक्क नाही, त्यामुळे पगारवाढ मिळेल ती घ्यायची. आयएलआरवर अर्ज चालतो. पण पार्श्वभूमीच्या तपासणीसाठी साधारण मागची तीन वर्षं ब्रिटनमध्ये सलग राहिलेलं लागतं, तेव्हा मध्ये भारतात लांब मुक्काम झाला असेल तर अर्जाआधी भरती विभागाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.