वाचकांचे प्रश्न : ‘स्टार ट्रेक’मधले भविष्य नेमके कोणत्या काळाचे?

प्रश्न : १९८०च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ ही भविष्यातल्या अंतराळजहाजाची अमेरिकी मालिका लागायची, तेव्हा आम्ही भावंडे हातातली कामे टाकून टीव्हीसमोर बसत असू. अलीकडे कॉलेजात शिकणाऱ्या मुलीबरोबर ती पुन्हा पाहायला घेतली, तर दोन-तीन भाग होताच ती म्हणाली, ‘‘बाबा, इतक्या शतकांनंतरही बायका आखूड झगे घालून कप्तानाला कॉफीच नेऊन देणार असतील, तर हिला तुम्ही पुरोगामी का म्हणता?’’ मला उत्तर सुचले नाही. ही मालिका खरोखर काळाच्या पुढे होती का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या मुलीची नजर तीक्ष्ण आहे. कप्तानाची मदतनीस यिओमन रँड जहाजाच्या कॅप्टन कर्कला कॉफी आणून देते हे खरेच, आणि एका भागात तर भटारखान्यातली वीज गेलेली असताना हातातल्या किरणास्त्राने तापवून आणते. मात्र ‘काळाच्या पुढे’ ही मोजपट्टी मला फसवी वाटते. ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झालेली आणि ७९ भागांनंतर ३ जून १९६९ रोजी संपलेली ही मालिका म्हणजे त्या वर्षांतल्या अमेरिकी उदारमतवाद्यांना जग कसे असावेसे वाटत होते, त्याचा आराखडा आहे. त्यांची कल्पनाशक्ती जिथे अडली, तिथे मालिकाही अडलेली दिसते.

आधी झग्यांविषयी. आज जे पाहून तुमची मुलगी नाक मुरडते, तो मिनीस्कर्ट १९६६ साली तरुण स्त्रियांना आईच्या पिढीपासून सुटल्याची खूण वाटत होता. त्याच्याहून बोलकी गोष्ट निराळी आहे. मालिकेचे जनक जीन रॉडेनबेरी यांनी तयार केलेल्या पहिल्या नमुना-भागात जहाजावरची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी स्त्री होती, आणि ती पँट घालत होती. वाहिनीने तो भाग नाकारला. दुसऱ्या नमुना-भागात हे पात्र उरले नाही, आणि ते करणाऱ्या मॅजेल बॅरेट पुढे नर्सच्या भूमिकेत परतल्या. शेवटच्या भागात एक स्त्री कर्कला ऐकवते, की तुमच्या जहाज-कप्तानांच्या जगात बायकांना जागा नाही. मालिका हे वाक्य उच्चारते खरी, पण ते बोलणारी बाई तिने वेडी ठरवली आहे. सुरुवातीच्या निवेदनातले ‘जिथे कोणी पुरुष गेला नाही’ अशा अर्थाचे शब्द बदलून ‘जिथे कोणीच गेले नाही’ असे व्हायला १९८७ सालची पुढची मालिका यावी लागली.

वंशाच्या प्रश्नावर मात्र तिने अधिक धिटाई दाखवली. जहाजाच्या नियंत्रण-कक्षाकडे एकदा नीट पाहा. पुढच्या टेबलाशी सुलू बसतो. ही भूमिका करणारे जॉर्ज टाकेई लहानपणी, दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकेच्याच सरकारने जपानी वंशाच्या नागरिकांसाठी उघडलेल्या छावण्यांत आई-वडिलांसह राहिलेले होते. दुसऱ्या हंगामापासून त्याच्या शेजारी, शीतयुद्ध ऐन भरात असताना, चेकॉव्ह हा रशियन तरुण येऊन बसतो. मागे संदेश-यंत्रणेवर उहुरा असते. पहिल्या हंगामानंतर आपण काम सोडायला निघालो होतो आणि मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपल्याला थांबवले, ही हकीकत उहुराची भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स यांनी पुढे अनेकदा सांगितली. कृष्णवर्णीय स्त्री पडद्यावर मोलकरीण नसून अधिकारी म्हणून दिसते, हेच किंग यांना महत्त्वाचे वाटत होते. उहुराच्या वाट्याला बहुतेक भागांत ‘संपर्क होत नाही, सर’ यापलीकडे फारसे संवाद येत नाहीत, ही तक्रारही तितकीच रास्त आहे. नोव्हेंबर १९६८मधल्या कर्क आणि उहुरा यांच्या गाजलेल्या चुंबनाचेही तेच : आंतरवंशीय विवाहांवरील बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रद्द केली होती, तरीही कथेत हे दोघे परग्रहावरील माणसांच्या मानसिक शक्तीपुढे हतबल होऊन, स्वतःच्या इच्छेविरुद्ध जवळ येतात.

एकच भाग निवडून मुलीबरोबर पाहायचा झाला, तर मी ‘अ प्रायव्हेट लिटल वॉर’ सुचवेन. तो २ फेब्रुवारी १९६८ रोजी, म्हणजे व्हिएतनाममध्ये अमेरिकेच्या बाजूवर कम्युनिस्ट फौजांचे मोठे ‘टेट’ आक्रमण सुरू होऊन जेमतेम तीन दिवस झाले असताना, प्रक्षेपित झाला. धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्या शांत लोकांच्या ग्रहावर क्लिंगॉन, म्हणजे कर्कच्या जगाची शत्रू असलेली परग्रहवासी जमात, एका गटाला चोरून बंदुका पुरवत आहेत. इतर समाजांच्या वाटचालीत ढवळाढवळ करायची नाही हा कर्कच्या जगाचा पहिला नियम. तरीही डोंगरातल्या गटाला तेवढ्याच, तशाच बंदुका देऊन समतोल राखावा, असे तो ठरवतो. जहाजाचे डॉक्टर मॅकॉय चिडतात, तेव्हा तो विसाव्या शतकातल्या आशियाई भूमीवरच्या युद्धांचा दाखला देतो : दोन महासत्ता गुंतल्या होत्या आणि कोणालाच माघार घेता येत नव्हती. इथवर हे सरकारी धोरणाचे समर्थन वाटते. पण शेवटी जहाजावर मागणी नोंदवताना कर्क बंदुकांना ‘साप’ म्हणतो, बायबलमधल्या नंदनवनासाठीचे साप, आणि जिंकल्याचा कसलाही भाव चेहऱ्यावर न आणता निघून जातो. युद्ध चुकीचे आहे असे म्हणायचे धैर्य नाही आणि बरोबर आहे असे म्हणायला मन धजत नाही, ही त्या वर्षीच्या कितीतरी अमेरिकी घरांतली अवस्था मला या अर्ध्या मिनिटात दिसते.

महिनाभराने आलेल्या ‘द ओमेगा ग्लोरी’मध्ये मात्र कर्क परग्रहावरच्या लोकांना चक्क अमेरिकी राज्यघटनेची प्रस्तावना वाचून दाखवतो, आणि हे शब्द सर्वांसाठी आहेत असे बजावतो. भावना उदात्त आहे. तरी विश्वाचे म्हणून जे कल्याण ठरवले, ते आपल्याच घरच्या मजकुरात निघावे, हे आपल्याला थोडे हसू आणणारेच.

प्रश्न : याच मालिकेतला खलनायक खान नूनियन सिंग हा भारतीय दाखवला आहे, असे ऐकले. त्यामागे काय विचार असावा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : १६ फेब्रुवारी १९६७ रोजी दाखवलेल्या ‘स्पेस सीड’ या भागात जहाजावरची इतिहासतज्ज्ञ शतकांच्या गोठवलेल्या झोपेतून सापडलेल्या खानला पाहून उत्तर भारतातला, बहुधा शीख असावा, असा केवळ अंदाज करते. आधीच्या मसुद्यात हे पात्र नॉर्डिक होते. नावात खान आणि सिंग एकत्र नांदतात, दाढी नाही, पगडी दिसते ती फक्त त्या इतिहासतज्ज्ञाने काढलेल्या चित्रात, आणि भूमिका मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो माँटलबान यांची. तेव्हा भारताविषयीच्या जिज्ञासेपेक्षा आशियातल्या कोणत्याही राजबिंड्या हुकूमशहाची प्रतिमा इथे कामी आली असावी, असे मला वाटते. कथेचा रोख वंशसुधारणेच्या, म्हणजे निवडक पैदाशीतून श्रेष्ठ माणूस घडवण्याच्या, कल्पनेवर आहे, आणि नाझींचा पाडाव होऊन तेव्हा अवघी बावीस वर्षे झाली होती. गंमत अशी, की बैठकीच्या टेबलाभोवती कर्क आणि त्याचे सहकारी या हुकूमशहाचे थोडे कौतुकच करतात आणि ते ऐकून अर्धा परग्रहवासी अधिकारी स्पॉक चकित होतो. खानची आशियापासून मध्यपूर्वेपर्यंतची सत्ता या कथेत १९९२ ते १९९६ या काळातली सांगितली आहे. म्हणजे आपण दूरदर्शनवर ही मालिका पाहत होतो, तेव्हा या गृहस्थाच्या राज्यारोहणाला अजून अवकाश होता.