आधी सेन्सरचं माप विचारा
कॅमेरा घेताना मेगापिक्सेल नंतर बघा, आधी सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, केवढा ते विचारा. ३६ × २४ मिमीची फुल फ्रेम म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मचीच चौकट. १९९९ मध्ये निकॉनचा डी१ हा डिजिटल कॅमेरा आला, तेव्हा एवढी मोठी चिप फार महाग पडायची. चिपा जिच्यातून कापतात त्या सिलिकॉनच्या एका चकतीतून (वेफर) मोजक्याच निघायच्या, त्यातही सदोष बाद. म्हणून एपीएस-सी हे सेन्सरचं लहान माप रुजलं. २००८ च्या मायक्रो फोर थर्ड्स या कॅमेरा-लेन्स पद्धतीने तर डीएसएलआर कॅमेऱ्यात दृश्य डोळ्यापर्यंत पोचवणारा आरसाच काढला. तिथला सेन्सर १७.३ × १३ मिमी, त्यामुळे ३०० मिमीची लेन्स फुल फ्रेमवरच्या ६०० मिमीएवढा कोन देते. पक्षी टिपणाऱ्यांना हे वरदानच! मंद उजेडातल्या लग्नांचे फोटो काढणार असाल तर मात्र जास्त प्रकाश टिपणाऱ्या फुल फ्रेमसाठी पैसे साठवा. आणि हो, कॅननची एपीएस-सीसाठी बनवलेली ईएफ-एस लेन्स त्यांच्याच फुल फ्रेम डीएसएलआरवर बसत नाही, घेण्याआधी माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायची कडी, तपासा.