मासळीच्या घरातली मुलगी आणि शाकाहारी संस्थेची इंटर्नशिप

हर्णै बंदराजवळच्या गावातून एका आईचं पत्र आलं आहे. थोडक्यात देते: "आमचा सुक्या मासळीचा धंदा. मुलगी पुण्यात बी.एस्सी. फूड अँड न्यूट्रिशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला अमेरिकेतल्या एका शाकाहाराचा प्रचार करणाऱ्या संस्थेत इंटर्नशिप मिळाली आहे. ऑगस्टपासून बारा आठवडे, आठवड्याला दहा तास, सगळं लॅपटॉपवर, पैसे काही नाहीत. तिचे बाबा म्हणतात, मासळीच्या पैशावर शिकलीस आणि आता मासळी खाऊ नका म्हणून सांगणार? मला वेगळीच काळजी आहे. फुकट राबवून घेतील आणि हाती काही लागणार नाही. त्यापेक्षा हॉस्पिटलात केली तर बरं नाही का?"

ताई, नमस्कार.

तिला करू द्या. पण हॉस्पिटलचं तुम्ही म्हणता त्यात मोठं तथ्य आहे, म्हणून आधी तेच बोलू.

तुमच्या लेकीला पुढे डाएटिशियन म्हणून दवाखान्यात काम करायचं असेल, तर सर्वसाधारण वाट अशी: बी.एस्सी.नंतर एम.एस्सी., मग मान्यताप्राप्त हॉस्पिटलात सहा महिन्यांची इंटर्नशिप आणि त्यानंतर इंडियन डायटेटिक असोसिएशनची आर.डी., म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियनची, परीक्षा. त्या सहा महिन्यांत वॉर्डात फिरावं लागतं, डायलिसिसच्या पेशंटचा आहार ठरवावा लागतो, नळीतून द्यायच्या आहाराचं प्रमाण काढावं लागतं. घरी बसून केलेली कुठलीही इंटर्नशिप त्याच्या जागी चालत नाही. हे तिला आजच स्पष्ट माहीत असायला हवं. पण ती वेळ अजून दोन-तीन वर्षं लांब आहे. आत्ताची बारा आठवड्यांची संधी त्याच्या आड येत नाही.

उलट एक गोष्ट जुळून आली आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपल्याकडच्या पदवी अभ्यासक्रमात ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, आलं आहे. अभ्यासाचं मोजमाप क्रेडिटमध्ये होतं. एका क्रेडिटला तीस तास धरतात, चार क्रेडिटचे एकशेवीस. बारा आठवडे गुणिले दहा तास म्हणजे नेमके तेवढेच. पण परदेशी संस्थेतलं, ऑनलाइन केलेलं काम कॉलेज धरेल का, हे कॉलेजनंच सांगायला हवं, आणि तेही काम सुरू होण्याआधी, लेखी. नंतर सर्टिफिकेट घेऊन विभागप्रमुखांच्या दारात उभी राहिलेली मुलं मी दर वर्षी बघते. काम प्रामाणिकपणे केलेलं असतं, पण आधी परवानगी नसते, रोजच्या तासांची नोंदवही नसते, आणि मग कोणाच्याच हातात काही उरत नाही. तिला पहिल्या दिवसापासून वही ठेवायला सांगा: तारीख, किती तास, काय केलं, कोणी तपासलं.

आता फुकट राबवण्याचं. ही भीती अगदी रास्त आहे. आपल्याकडे समाजसेवेच्या नावाखाली चालणाऱ्या कितीतरी इंटर्नशिप म्हणजे निव्वळ वर्गणी गोळा करण्याचं काम असतं. मुलांना एक लिंक देतात, व्हॉट्सअ‍ॅपवर नातेवाइकांना पाठवायला सांगतात आणि टार्गेट पूर्ण झालं की सर्टिफिकेट हातात ठेवतात. काही ठिकाणी तर सर्टिफिकेटचेच पैसे मागतात. तुमच्या लेकीच्या ऑफरमध्ये यातलं काहीही असेल तर एक दिवसही घालवू नका. नसेल तर संस्थेची चौकशी करा, ती कठीण नाही. अमेरिकेतल्या करमाफी मिळालेल्या संस्था तिथल्या आयकर खात्याच्या संकेतस्थळावर नावानं शोधता येतात, आणि त्यांचं वार्षिक विवरणपत्र, ज्याला फॉर्म ९९० म्हणतात, कोणालाही बघता येतं. पैसा कुठून आला, पगारावर किती गेला, सगळं त्यात असतं. दोघी मिळून बसा. अर्ध्या तासाचं काम आहे.

अशा संस्था करतात तरी काय, तेही सांगते. बाल्टिमोरची व्हेजिटेरियन रिसोर्स ग्रुप १९८२ पासून काम करते. ती मासिक काढते, किती लोक शाकाहारी आहेत याच्या पाहण्या करून घेते, आणि डबाबंद पदार्थांतला कुठला घटक प्राण्यापासून येतो हे शोधून लोकांना सांगते. म्हणजे मिरवणुका आणि घोषणांपेक्षा वाचणं, कंपन्यांना पत्रं लिहून विचारणं, तपासणं आणि सोप्या भाषेत मांडणं हेच काम जास्त. अन्नशास्त्र शिकणाऱ्या मुलीला हे फार उपयोगी आहे. चीजसाठी दूध घट्ट करणारं रेनेट कुठून येतं, जिलेटिन कशापासून करतात, लाल रंगाचं ई-१२० किड्यापासून बनतं आणि तेल-पाणी एकजीव ठेवणारं ई-४७१ वनस्पतीचं की प्राण्याचं हे वेष्टनावरून का कळत नाही, हे शोधायला लागलं की लेबल वाचायची नजर तयार होते. अन्न उद्योगात, गुणवत्ता विभागात, अन्न सुरक्षेच्या कामात या नजरेला किंमत आहे.

इथे तुमची मुलगी त्यांना शिकवूही शकते. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका कायद्यानं लागतो. त्यात दूध चालतं, अंडं चालत नाही. अमेरिकेत असं सक्तीचं सरकारी चिन्ह नाही आणि तिथले बरेच शाकाहारी अंडं खातात. एकच शब्द, पण दोन देशांत अर्थ दोन. हे तिला बालपणापासून ठाऊक आहे, तिथल्या लोकांना समजावून सांगावं लागेल.

तिच्या बाबांच्या प्रश्नाकडे मी मुद्दाम शेवटी वळत होते, कारण तो सगळ्यांत खोल आहे. दादांना राग आला असेल तर तो मला समजतो. आपल्याकडे ताटात काय आहे यावरून माणसाची जात काढतात, घर भाड्यानं द्यायचं की नाही ते ठरवतात. तुमच्या लेकीलाही पुण्यात खोली बघताना "नॉनव्हेज करता का?" हा प्रश्न आला असणारच. शाकाहाराच्या नावानं कोणी मासळी खाणाऱ्याला हलकं, घाणेरडं, क्रूर म्हणत असेल, तर त्या ठिकाणी काम करायला मीही तिला सांगणार नाही. म्हणून संस्थेनं काढलेले चार-पाच लेख तिला मराठीत तुमच्यासमोर वाचून दाखवायला सांगा, दादांनाही बसवा. माहिती देण्याचा सूर आहे की कमी लेखण्याचा, हे दादांना ऐकताच कळेल. त्यासाठी डिग्री लागत नाही.

सूर ठीक असेल, तर तिनं स्वतः मासळी सोडायची गरज नाही, फक्त लपवायची नाही. पहिल्याच बोलण्यात तिनं सांगून टाकावं की मी मासळी खाणाऱ्या घरातली आहे, मला आहारशास्त्र शिकायचं आहे. या उत्तरानं जागा गेली तर ती जागा तिची नव्हतीच. गांधीजी कायदा शिकायला लंडनला होते तेव्हा, १८९० मध्ये, तिथल्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर गेले. एका डॉक्टर सभासदाला त्याच्या संततिनियमनाच्या मतांमुळे मंडळातून काढायचा ठराव आला. गांधीजींना ती मतं मान्य नव्हती. तरी शाकाहारी मंडळात राहायला शाकाहार मान्य असला की पुरे, बाकीच्या मतांवरून माणसाला काढू नये, असं त्यांनी लिहून नेलं. उभं राहून वाचायची हिंमत झाली नाही, दुसऱ्यानं वाचून दाखवलं. ठराव त्यांच्या विरुद्ध गेला. तेव्हा त्यांचं वय जेमतेम एकवीस, म्हणजे तुमच्या लेकीएवढंच. संस्थेत राहून आपलं मत वेगळं ठेवणं या वयात शिकता येतं, आणि नोकरीत ते रोज लागतं.

आणि ताई, शाकाहार तुमच्या घराला परका कुठे आहे? जून-जुलैचे दोन महिने मासेमारी बंद असते. सोमवार, संकष्टी, श्रावण तुम्ही पाळत असाल. कुळथाची पिठी, काळ्या वाटाण्याची उसळ, ओल्या काजूची उसळ, कोवळ्या फणसाची भाजी हे सगळं तुमच्या चुलीवरचंच. मी तिच्या जागी असते तर याच पदार्थांवर काम मागितलं असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये ५२८ भारतीय खाद्यपदार्थांचे पोषणतक्ते काढले आहेत. ते घेऊन घरच्या दहा शाकाहारी पदार्थांतली प्रथिनं, लोह, कॅल्शियम तिनं मोजावं, तुमच्याकडून मापं घ्यावीत, आणि तिथल्या आहारतज्ज्ञाकडून तपासून घ्यावं. नावानिशी प्रसिद्ध झालेला असा एक लेख मला तिच्या हातात बघायचा आहे. मुलाखतीत तोच पुढे ठेवायचा.

एका बाबतीत मात्र तिनं कोणाचीही भीड ठेवू नये. प्रचार करणाऱ्या संस्थेत खरं ते थोडं ताणून सांगायचा मोह असतो, हेतू चांगला असला तरी. वनस्पतीजन्य अन्नातून बी-१२ जीवनसत्त्व भरवशानं मिळत नाही, दूधही न घेणाऱ्याला ते गोळीतून किंवा पोषणमूल्य वाढवलेल्या पदार्थांतून घ्यावंच लागतं. बांगडा-तारलीत जी ओमेगा-३ चरबी तयार मिळते, ती जवसातून शरीराला स्वतः बनवावी लागते आणि फार थोडी बनते. पालेभाजीतलं लोह मासळीतल्या लोहापेक्षा कमी शोषलं जातं, म्हणून सोबत लिंबू हवं आणि जेवणाबरोबर चहा नको. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांना रक्तक्षय आहे असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दिसलं. अशा ठिकाणी अर्धवट सल्ला म्हणजे कोणाच्या तरी आईच्या, बहिणीच्या अंगातलं रक्त.

अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या अकादमीनं २०१६ मध्ये म्हटलं होतं की नीट आखलेला शाकाहार आयुष्याच्या सगळ्या टप्प्यांत चालतो. २०२५ मध्ये त्यांची नवी भूमिका आली, ती फक्त प्रौढांपुरती आहे, गरोदर आणि स्तनदा स्त्रिया तिच्यात नाहीत. मुलांना शाकाहार घातक आहे असा याचा अर्थ नव्हे. पण जुनं वाक्य आजचं म्हणून छापलं जात असेल, तर इंटर्ननं ते दाखवून द्यायला हवं. ती दाखवेल तेव्हा वरची माणसं काय करतात, यावरून संस्था कशी आहे तेही कळेल.

वेळेचं बघा. अमेरिकेचा पूर्व किनारा ऑगस्ट ते ऑक्टोबर आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतो. त्यांची सकाळी दहाची मीटिंग आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला, ठीक आहे. दुपारी चारची ठेवली तर रात्रीचा दीड, आणि दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल. मीटिंग आपल्या रात्री नऊच्या आत असेल, हे तिनं आधीच मेलवर मान्य करून घ्यावं. आणि गणपतीला ती गावी येईल, तेव्हा पावसात लाइट आणि नेट दोन्हींचा भरवसा नाही. त्या पाच दिवसांची सुट्टी आत्ताच, कामाला लागण्याच्या पत्रातच लिहून टाकायला सांगा. तिकडच्यांना आपला गणपती कधी येतो ते ठाऊक नसतं, आणि आधी कळवलं तर बहुतेक कोणी नाही म्हणत नाही.