जोडलेली चेन पुन्हा तिथेच तुटते

प्रश्न : गिअरच्या (मागे 9 दातेरी चक्रं) सायकलची चेन तुटली. जुनीच पिन ठोकून बसवली, दोन दिवसांत पुन्हा तिथेच तुटली. असं का?

उत्तर : या बारीक चेनची पिन एकदा काढली की कडीच्या पट्टीचं भोक किंचित सैल होतं, पिन घट्ट धरत नाही. ठोकाठोकी नकोच. तुटलेली बाहेरची कडी चेन-कटरने (पिन ढकलून काढायचं हत्यार) पूर्ण काढा. दोन्ही टोकांना आतल्या कड्या उरतील. तिथे 9 गिअरचीच जोडकडी (दोन भागांची, पिन न ठोकता बसणारी बाहेरची कडी, ‘क्विक लिंक’) लावा, म्हणजे लांबीही तेवढीच राहते. जोडकडी वरच्या बाजूला आणून, मागचा ब्रेक दाबून पेडलवर जोर द्या. ‘टक्’ वाजलं की बसली.

त्याआधी मोजा मात्र. नव्या चेनमध्ये 24 कड्यांची (आतल्या-बाहेरच्या मिळून) लांबी 304.8 मिमी असते. 307 भरली तर चेनच बदला.